बनसोडे सिस्टरच्या जावा

बनसोडे सिस्टर इंजेक्शन भरायच्या आधी घाबरायच्या. एकदा-दोनदा नव्हे, रोज, प्रत्येक वेळी. औषधांच्या ट्रेसमोर उभ्या राहिल्या की पांढऱ्या साडीचा पदर कमरेला घट्ट खोचायच्या, मोठा श्वास घ्यायच्या आणि स्वतःलाच दम दिल्यासारखं पुटपुटायच्या, "बनसोडे, भी." नीट ऐका, "भिऊ नको" नव्हे, "भी." नोकरीत पंचवीसच्या वर वर्षं काढलेली बाई, जिच्या चपलांचा आवाज आला की अख्खा वॉर्ड सरळ बसायचा, ती स्वतःला भ्यायला सांगत होती! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. पुढं कधी आलं नाही.

मी मैंदर्गीची. घरात कन्नड, शाळा मराठी आणि नर्सिंगची पुस्तकं इंग्रजी, म्हणजे तीन दगडांवर पाय ठेवायचे आणि पाय मात्र दोनच. परीक्षा पाठांतरावर काढल्या. सोलापुरातल्या ज्या खासगी हॉस्पिटलात मी लागले, त्याचं नाव सांगत नाही. सांगून कुणाचं काय भलं होणार आहे? बारा खाटांचा मेडिकल वॉर्ड, एकच कूलर, आणि इन्चार्ज बनसोडे सिस्टर. पहिल्याच दिवशी केसपेपर हातात आला आणि माझी बोबडी वळली. इंग्रजी शब्द मुंग्यांसारखे कागदावर इकडून तिकडे पळत होते.

"इंग्लिश येतं का गं?" सिस्टरांनी विचारलं.

"थोडं थोडं," मी म्हणाले.

"बरंय. लई येणाऱ्या पोरी न वाचताच पुढं जातात. तू थांबशील तरी." मग त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं. "ही कोण?"

"हायपो... हायपर..." मी चाचरले.

"दोघींतली एक सांग. दोन्ही सांगितल्यास तर पेशंट निम्मा जगंल का?"

मी पुन्हा कागदाकडं बघायला लागले. तेव्हा त्यांनी मला बाकावर बसवलं आणि जावांची गोष्ट सांगितली. नवीन आलेल्या प्रत्येक पोरीला ती ऐकावी लागायचीच. "हे बघ, ह्या इंग्लिशमदे जावाजावा लई हायत. एका घरच्या, एकसारख्या साड्या, लांबनं वळखूच येत न्हाईत. पर एकीचं तोंड पूर्वेला, तर दुसरीचं पश्चिमेला. हायपो म्हंजे कमी, हायपर म्हंजे जास्त. साखर कमी झालेल्याला जास्तीचं औषध दिलंस, तर त्यो हितनं चालत जात न्हाय."

त्यांच्याकडं अशा जावांची एक लांबलचक यादी होती, आणि प्रत्येकीला एकेक वाक्य चिकटवलेलं होतं. पाल्पेशन आणि पाल्पिटेशन: "एक डॉक्टर हातानं करतो, दुसरं पेशंटच्या छातीत आपसूक हुतं." प्रोस्टेट आणि प्रोस्ट्रेट: "एक बाप्याच्या पोटात असतंय, आन् दुसरा बाप्या स्वतःच पालथा पडल्याला असतोय." हे सांगताना त्या अजिबात हसायच्या नाहीत. आम्ही पोरी ओढणीत तोंड खुपसून हसायचो आणि त्या शांतपणे म्हणायच्या, "हसून घ्या. हसलं की ध्यानात राहतंय. पर ट्रे हातात घेतल्यावर हसायचं न्हाय."

एक जोडी मात्र त्या कुणाला हसू द्यायच्या नाहीत. डिस्फेजिया आणि डिस्फेझिया. एकात घास गिळता येत नाही, दुसऱ्यात बोलता येत नाही, शब्दच सापडत नाहीत. एका दुपारी मी विचारलं, सिस्टर, ही जोडी आली की तुम्ही अशा का होता? त्या बराच वेळ पट्ट्या गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी नवी हुते तवा. अर्धांगाचा पेशंट. त्याची बोली गेलीवती. कागदावर तसंच लिवलं हुतं. मी वाचलं, गिळता येत न्हाय. दीड दिवस तोंडात काय घालू दिलं न्हाय त्येच्या बायकूला. निसतं सलाईन."

"मग?"

"मग काय! त्यो माझ्याकडं बघून हात हलवायचा. मला वाटायचं, पाणी पायजे असंल, पर ठसका लागंल. भूक लागलीय हे सांगायला त्येच्याकडं शब्दच न्हवते गं." पट्टी त्यांच्या हातातून सुटून खाली घरंगळत गेली. "तवापास्नं भ्याते."

यातूनच त्यांची ती रीत निघाली होती. जोखमीचं औषध असलं की एकीनं भरायचं, दुसरीनं बाटलीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचायचं, पेशंटला नाव विचारायचं, आणि मग औषध कशासाठी आहे ते आपल्या आईच्या भाषेत सांगायचं. इंग्रजीत चालायचं नाही, प्रमाण मराठीतही नाही. "येस सिस्टर म्हनाया जीभ लागते, अक्कल लागत न्हाय," असं त्यांचं म्हणणं. मी कन्नडमध्ये सांगायची: पोटॅशियम कम्मी म्हणून हे, किंवा हेच्चु, म्हणजे जास्त, म्हणून हे नाही. त्यांना कन्नड ओ की ठो कळत नसे, पण मी अडखळले की लगेच कळायचं. "परत सांग. तुला कळलं असतं तर अशी थांबली नसतीस."

नातेवाइकांनाही त्या सोडायच्या नाहीत. मे महिन्यात आमच्याकडं टॉवेलच्या कारखान्यात उभं आयुष्य घालवलेले एक आजोबा आले. मूत्रपिंडं थकलेली, रक्तात पोटॅशियम वाढलेलं. त्यांची बायको राजम्मा घरात तेलुगू बोलणारी, मराठी तोडकीमोडकी. सिस्टर तिच्या शेजारी खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "अम्मा, पोटॅशियम म्हंजे केळातलं, नारळपाण्यातलं मीठ. आजोबांच्या रगतात ते लई झालंय. आणखी गेलं तर काळीज थांबतंय. एक केळंबी द्यायचं न्हाय. आन् आमीबी काय दिलं तर इचारायचं, ह्यात केळातलं हाय का म्हनून. लाजायचं न्हाय." राजम्मानं मान हलवली. अशा माना रोज हलतात. त्यातली एखादीच खरी असते.

आता जे झालं ते सांगते. पुढं माझं काय झालं तेही आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी माझंच रडगाणं नको: माझी नोकरी गेली, दुसरी लागली, मी आजही नर्सच आहे. बास.

आजोबा सहा नंबरच्या खाटेवर होते. चार नंबरवर एमआयडीसीतला एक यंत्रमागवाला, उलट्या-जुलाबानं गळून गेलेला. त्याचं पोटॅशियम कमी. म्हणजे एकाच वॉर्डात, चार पावलांच्या अंतरावर, दोघी जावा मुक्कामाला. कूलरचा वारा फक्त चार नंबरला लागायचा. त्या दिवशी दुपारी आजोबा उकाड्यानं तळमळायला लागले, तेव्हा यंत्रमागवाल्याची आई स्वतः उठून आली. "त्यास्नी हितं घ्या की. माझ्या पोराला काय, त्यो मशीनच्या धगीत काम करणारा गडी." सोलापूरची माणसं अशी. दोन्ही घरच्यांनी मिळून दोघांना उचललं आणि खाटा बदलल्या.

सिस्टर तेव्हा वॉर्डात नव्हत्या, पण मी तिथंच होते. आजोबांचे पाय मी धरले होते. "फाईल आणि खाटेवरचा नावाचा बोर्ड बदलते हं," असं मी राजम्माला सांगितलंही. पण डबा उघडायचा राहिला होता, कडक भाकरी आणि शेंगाचटणी, आणि पोटात कावळे ओरडत होते. म्हटलं, दहा मिनिटांनी बदलू. जेवून आले ती रजिस्टर भरायला बसले. बोर्ड तसाच राहिला.

दोनच्या सुमाराला सिस्टर पोटॅशियम घातलेली सलाईनची बाटली घेऊन टेबलाशी आल्या. एक सिस्टर रजेवर होती, म्हणून सलग दुसरी ड्युटी करत होत्या. बाटली माझ्यासमोर धरून म्हणाल्या, "चार नंबरचं पोटॅशियम. बघ गं."

मी रजिस्टरमधून मान वर केली नाही. "हो सिस्टर," म्हणाले.

एवढंच. त्यावर किती वेळा विचार केला असेल त्याची मोजदाद नाही. बनसोडे सिस्टर बाटली दाखवतायत, म्हणजे ती बरोबरच असणार! त्यांना तपासायचं म्हणजे आईला 'तू माझीच आई का' असं विचारण्यासारखं वाटायचं. त्यांनीही थांबायला हवं होतं, कन्नडमध्ये सांग म्हणायला हवं होतं. पण तीन वर्षं मी कधी चुकले नव्हते, आणि त्या दमल्या होत्या. चार नंबरवरचा माणूस डोक्यापर्यंत चादर ओढून कूलरच्या वाऱ्यात झोपला होता. राजम्मा संडासला गेली होती. सिस्टरांनी त्याला उठवून नाव न विचारताच बाटली लावली.

दहा-बारा मिनिटांनी राजम्मा माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. पदराशी चाळा करत, अगदी हळू आवाजात म्हणाली, "अम्मा, राग नको करू. त्या बाटलीत ते केळातलं न्हाय ना?"

 मी बोर्डाकडं पाहिलं, खाटेकडं पाहिलं. मी पळाले. नळीचं चाक बंद करताना बोटं घामानं ओली झाली होती, चाक फिरेना. आजोबांचे ओठ कोरडे, डोळे अर्धवट उघडे. मी ओरडले की नाही मला आठवत नाही, पण सिस्टर धावत आल्या, बाटलीकडं बघितलं, चादर बाजूला केली आणि आजोबांचा चेहरा पाहिला.  मग डॉक्टरांना बोलवायला धावल्या.

पुढचे तीन तास मी आयुष्यात विसरणार नाही. मोठे डॉक्टर आले, छातीला तारा लागल्या, कागदाची पट्टी सरसर बाहेर यायला लागली. त्या पट्टीवरची टोकं उंच झाली की मी डॉक्टरांच्या चेहऱ्याकडं बघायची. आजोबांना तातडीनं डायलिसिसला नेलं. राजम्मा भिंतीला टेकून तेलुगूत काहीतरी पुटपुटत होती; देवाचं नाव असावं. मी देवाला काय-काय कबूल केलं, त्यातलं निम्मंही पुढं पाळलं नाही. आजोबा वाचले. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "थोडंच गेलं होतं. वेळेत बंद केलं म्हणून." आणि माझ्या खांद्यावर थाप मारली.

हो, माझ्या. कारण बाटली मी बंद केली होती ना! मेट्रन मॅडमनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं, प्रसंगावधान वगैरे. मी मान खाली घालून उभी राहिले. लोकांना तो विनय वाटला.

डॉक्टर सिस्टरांना बाजूला घेऊन म्हणाले होते, "पेशंट बरा आहे, आता कशाला वाढवता?" सिस्टर म्हणाल्या, "न्हाय सर. म्हातारीला मी सांगनार. आन् लिवनारबी." त्यांनी राजम्मासमोर बसून, तिचे दोन्ही हात धरून सगळं सांगितलं. राजम्मानं एवढंच म्हटलं, "खाट आम्हीच बदललो." माझं नाव तिनं घेतलं नाही. माझ्याकडं एकदा बघितलं मात्र.

मग सिस्टरांनी मला कपड्यांच्या खोलीत बोलावलं. चादरींच्या चळतीजवळ त्या उभ्या होत्या. "कागद लिवायचाय," त्या म्हणाल्या. "म्हनून एकच इचारते. तू बाटली बघून हो म्हनालीस, का मला बघून?"

इथं माणसानं खरं बोलावं, दुसरं काय! पण मला घर दिसलं, मैंदर्गीला माझ्या पगाराकडं डोळे लावून बसलेले वडील दिसले, पोलीस दिसले, राजम्मा दिसली.  "बाटली बघून," मी म्हणाले. "नीट बघून."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. संतापल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या घाबरल्या. दुपारी खाटेजवळही त्यांचा चेहरा इतका उतरला नव्हता. "बरं," म्हणाल्या आणि कागदावर लिहिलं की दुसरी तपासणी रीतसर झाली होती, चूक त्यांची एकटीची. खाटा बदलल्याचं मला माहीत होतं, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही आणि मी सांगितलं नाही. पंधरा दिवसांत त्यांना वॉर्डातून काढून कपड्यांच्या खोलीत बसवलं, आणि महिनाभरात त्या स्वतःहून नोकरी सोडून कुर्डुवाडीला भावाकडं निघून गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "रीत सोडू नको." हे म्हणताना त्यांचा आवाज त्यांचा वाटला नाही.

आठ महिने मी ते पोटात दाबून ठेवलं. माझी बढती झाली. नव्या पोरींना मी जावा शिकवायला लागले. एकदा एक पोर मान वर न करता म्हणाली, "हो सिस्टर," आणि माझ्या हातातली बाटली फुटली. त्याच रविवारी मी कुर्डुवाडीची गाडी पकडली.

सिस्टरांचे वडील रेल्वेच्या वर्कशॉपात होते. त्याच भागात भावाचं घर. सिस्टर ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. निम्म्या झाल्या होत्या. वहिनीनं मला चहा दिला आणि दाराआड नेऊन हळूच म्हणाली, "ह्यांना जरा समजवा की हो. आईंची बीपीची गोळी रोज मी देते. एवढी शिकलेली सिस्टर घरात, पर पाकिटाला हात लावत न्हाईत. पोराला ताप आला तरी शेजारणीला इचारा म्हनतात."

मी ओट्यावर आले आणि एका दमात सगळं सांगितलं. बोर्ड, डबा, रजिस्टर, न बघता म्हटलेलं 'हो', सगळं. सांगताना त्यांच्याकडं बघायची छाती झाली नाही. सुपातल्या तांदळाकडं बघत राहिले.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"आठ म्हैने," त्या म्हणाल्या. "आठ म्हैने मी म्हनते, दोघींनी नीट बघितलं हुतं आन् तरीबी चुकलं. म्हंजे माझी रीतच खोटी. एवढ्या पोरींना खोटंच शिकवलं. माझं डोळं, माझं डोकं, कशावरच भरवसा राहिला न्हाय गं. आईला गोळी द्यायची तर हात लटलट कापतोय, म्हनून देत न्हाय. आन् तू... तू बघितलंच न्हवतंस?"

"नाही सिस्टर."

त्या उठल्या. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार, आणि बसली असती तर मी खाल्ली असती. पण त्या नुसत्या उभ्या राहिल्या. "मला सांगून काय? तितं लिवून दे. खाट बदलल्यालं ठाऊक हुतं, हेबी लिव."

"मला भीती वाटते, सिस्टर."

"वाटू दे," त्या म्हणाल्या. मला माफ केल्याचं त्या बोलल्या नाहीत, त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही. मीही मागितली नाही.

आतून म्हातारीनं हाक मारली. गोळीची वेळ झाली होती. वहिनी पाकीट आणि पाण्याचा तांब्या घेऊन निघाली, तेव्हा सिस्टरांनी हात पुढं केला. "आना हिकडं."

वहिनी जागच्या जागी थांबली. सिस्टर पाकीट घेऊन दाराच्या उजेडात गेल्या. हात इतका कापत होता की चंदेरी कागद कुरकुर वाजत होता. त्यांनी एकेक अक्षरावर बोट ठेवून नाव वाचलं, तारीख वाचली, मग पाकीट माझ्याकडं दिलं. मी वाचलं. उलटं करून पुन्हा वाचलं. ही गोळी कशासाठी ते कन्नडमध्ये सांगितलं. त्यांनी गोळी काढली, म्हातारीच्या तळहातावर ठेवली आणि ती गिळेपर्यंत तिच्या गळ्याकडं बघत राहिल्या.

"आज तू दिलीस व्हय गं?" म्हातारीनं विचारलं.

"व्हय आये," सिस्टर म्हणाल्या, आणि भिंत धरून खाली बसल्या.